मुलाखतीला घर रिकामं पाहिजे

"खोलीत तुझ्याशिवाय आणखी कोणी आहे का?" लॅपटॉपच्या स्क्रीनवरच्या बाईंनी इंग्रजीत विचारलं.

"नो मॅम," समीक्षा म्हणाली.

ती खोटं बोलली नव्हती. खोलीत खरंच कोणी नव्हतं. सगळे पडद्यामागे होते.

अंजनगाव सुर्जीच्या त्या घरात बैठकीची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये एक बोळ आहे. मी बैठकीत लॅपटॉप लावून दिला, नेट तपासलं आणि नियमाप्रमाणे बाहेर पडले. पडदा सारून पाहते तर बोळीत खुर्च्या मांडलेल्या. पहिल्या खुर्चीवर समीक्षाचे मोठे बाबा, म्हणजे तिच्या वडिलांचे थोरले भाऊ. त्यांच्या शेजारी मोठी आई. मग समीक्षाचे बाबा. शेवटी परतवाड्याहून खास आलेली आत्या. मी हातानेच विचारलं, हे काय? मोठ्या बाबांनीही हातानेच सांगितलं, काही काळजी करू नका.

आत पासपोर्ट दाखवून झाला. नाव, शाळा, बारावीचे मार्क झाले. समीक्षा नीट बोलत होती. मग बाईंनी विचारलं, तू कॉमर्सच का निवडलंस? दुसरं काही का नाही?

हा प्रश्न आम्ही किती वेळा घोटला होता. पण समीक्षा गप्प. तिने मान खाली घातली आणि ओढणीच्या टोकाशी खेळू लागली. मी बोळीत उभी राहून मनातल्या मनात तिचं उत्तर म्हणत होते.

तेवढ्यात माझ्या शेजारून मोठ्या बाबांचा आवाज आला. भारदस्त, सभेत बोलतात तसा.

"तिले लहानपणापासूनच हिशोबाची आवड आहे. अन् स्वयंपाकही येते सगळा."

स्क्रीनवरच्या बाई थांबल्या. त्यांना मराठी समजत नसणार, पण आवाज ऐकू आलाच होता. समीक्षाने वळून पाहिलं. पडदा हलत होता. बाईंनी शांतपणे सांगितलं की ही मुलाखत आपण इथेच थांबवू, पुढचं ईमेलने कळवू. स्क्रीन काळी झाली.

मी आत गेले तेव्हा मला टेबल नीट दिसलं. लॅपटॉपच्या बाजूला चिवड्याची प्लेट होती. घरातला चांगला टी-सेट काढलेला होता. एक कप समीक्षाचा. दुसरा कप, बशीसकट, स्क्रीनसमोर ठेवलेला. समीक्षाची आई स्वयंपाकघरातून आली आणि मला म्हणाली, "त्या बाई पिणार नाहीत, समजते मले. पण समोर दिसाव तरी."

आता मी कोण ते सांगते. मी ओव्हरसीज एज्युकेशन कौन्सेलर आहे. परदेशात शिकायला जाणाऱ्या मुलांना कुठे जावं, काय घ्यावं हे सांगणं आणि अर्जापासून व्हिसापर्यंत सोबत राहणं, हे माझं काम. आमच्या फर्मची दोन ऑफिसं. अकोल्याचं मोठं, तिथे आमचे सर बसतात. अमरावतीचं छोटं, तिथे मी बसते. मी मूळची हिवरखेडची. अकोटला बारावी केली, अमरावतीला बी.कॉम. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी. ही गोष्ट मी कोणी न विचारताही सांगते. ऑफिसात माझ्या खुर्चीमागे माझी डिग्री फ्रेम करून लावलेली आहे. सर एकदा म्हणाले, तिथे सिडनीच्या ऑपेरा हाऊसचा फोटो लाव, क्लाएंटला बरं वाटते. मी म्हटलं, ऑपेरा हाऊस मी बांधलेलं नाही. डिग्री मी मिळवलेली आहे.

आमच्याकडे येणारी बहुतेक पोरं इंजिनीअर. इथून बी.ई. करायचं, तिकडे जाऊन मास्टर्स. बारावी कॉमर्सनंतर थेट बी.कॉम. करायला ऑस्ट्रेलियाला जायचं आहे, असं म्हणत माझ्यासमोर तोवर कोणी बसलं नव्हतं. त्यामुळे समीक्षाचा पहिला फोन आला त्या दिवशी मी दुपारचा डबा खायचा विसरले. इतक्या वर्षांत माझ्या विषयाची मुलगी पहिल्यांदाच येत होती. सरांना फोन करून सांगितलं.

"कॉमर्स? ऑस्ट्रेलियाले?" सर म्हणाले. "पोरगं आहे?"

"पोरगी आहे."

"मंग घरचे तीनदा बदलतील. तू इंजिनीअर लोकांकडे लक्ष दे."

भेटायला समीक्षा आली ती मोठे बाबा आणि बाबांसोबत. या घराची पानपिंपरीची शेती आहे. पानपिंपरी म्हणजे आयुर्वेदवाले जिला पिंपळी म्हणतात ती. वेल असतो, त्याला बोटाच्या पेरासारखी फळं येतात, ती तोडून वाळवून विकतात. अंजनगावच्या बाजूला हे पीक खूप. दोघा भावांच्या कपड्यांना तो तिखट वास कायमचा चिकटलेला होता. ते ऑफिसात आले आणि एसी असूनही खोलीत पिंपरीचा वास भरला.

मोठे बाबा खुर्चीवर बसले ते माझ्याकडे न पाहता माझ्या डोक्यावरच्या फ्रेमकडे पाहत.

"हे डिग्री कोणाची?"

"माझी."

"कायची?"

"बी.कॉम."

"कुठून केली?"

"इथूनच. अमरावतीहून."

"मंग तुमचं अडलं का काही?"

प्रश्न असा सरळ होता की मला हसू आलं. म्हटलं, नाही काकाजी, काही अडलं नाही. त्यावर ते म्हणाले, "मंग आमच्या पोरीनं काहून जाव तिकडे? इंजिनीअरिंगसाठी लोक जातात, समजते. कॉमर्स तर इथं गल्लोगल्ली भेटते."

मी त्यांना सांगितलं की हाच खरा प्रश्न आहे, आणि याचं उत्तर मिळाल्याशिवाय जाऊच नये. मग माहिती दिली. तिथली बी.कॉम.ही तीन वर्षांची. फरक असा की पहिल्या वर्षी सगळ्यांना सगळं थोडं थोडं शिकवतात. अकाउंट्स, इकॉनॉमिक्स, कायदा, मार्केटिंग, डेटा. मग आपण एक मुख्य विषय धरायचा. त्याला मेजर म्हणतात. दोन मेजरही घेता येतात. फेब्रुवारी आणि जुलै असे प्रवेशाचे दोन हंगाम, त्यांना इंटेक म्हणतात. शिकताना काम करता येतं, पण ठरलेल्या तासांपुरतंच. त्या कमाईवर शिक्षण होईल असं कोणी सांगत असेल तर त्याच्या ऑफिसातून उठून यायचं, हेही सांगितलं. पैशाचं त्या घराने आधीच पाहून ठेवलं होतं. तो विषय त्यांचा, इथे मध्ये आणत नाही.

सगळं ऐकून झाल्यावर मोठ्या बाबांनी विचारलं, "मॅडम, तुमचं गाव कोणतं?"

म्हटलं, हिवरखेड.

"हिवरखेडच्या कोणाच्या?"

मी वडिलांचं नाव सांगितलं, आजोबांचं सांगितलं, घर कोणत्या भागात ते सांगितलं. मोठे बाबा खुर्चीत मागे टेकले. त्यांच्या मोठ्या साडभावाची, म्हणजे साडूची, शेती आमच्या शेताला लागून निघाली. ते भावाला म्हणाले, "आपलीच पोरगी आहे हे." त्या मिनिटापासून मी मॅडमची बेटा झाले. मला बरं वाटलं. काम झालं असंही वाटलं. पण पुढची भानगड इथूनच सुरू झाली. परकी मॅडम नियम सांगते तेव्हा तो नियम असतो. हिवरखेडच्या साडभावाच्या शेजारची पोरगी सांगते तेव्हा तो नुसता सल्ला असतो.

आठवड्याभराने मोठ्या बाबांचा फोन आला. "जाऊ देतो पोरीले. ठरलं." घरात पेढे वाटले गेले. अर्ज गेला. ॲडलेडच्या एका युनिव्हर्सिटीकडून ऑफर लेटर आलं. म्हणजे प्रवेश द्यायला आम्ही तयार आहोत, पण काही अटी आहेत. एक अट मुलाखतीची. ही मुलाखत हुशारी पाहायला नसते. ही मुलगी खरंच शिकायला येते आहे ना, तिला आपण काय शिकणार हे माहीत आहे ना, आणि निर्णय तिचा स्वतःचा आहे ना, एवढं त्यांना बघायचं असतं. या सगळ्याला आमच्या धंद्यात जेन्युइन स्टुडंट म्हणतात. म्हणून नियम, की मुलाखतीत खोलीत दुसरं कोणी नको. हे मी त्यांच्या घरी जाऊन सांगितलं. सगळ्यांनी मान डोलावली. पुढे काय झालं ते वर आलंच आहे.

स्क्रीन काळी झाल्यावर सगळे बैठकीत आले. समीक्षा आत निघून गेली. मी मोठ्या बाबांना विचारलं, काकाजी, असं का केलं?

"मी मदत करून राहिलो होतो," ते म्हणाले. त्यांचा आवाज उतरला होता. "पोट्टी गप झाली. आमच्यात पोरगी गप झाली की मोठ्यानं बोलाव लागते. नाहीतर समोरच्यायले वाटते, घरात काही गडबड आहे."

"ते स्थळ नव्हतं, काकाजी."

"नव्हतं कसं? पोरगी एवढ्या दूर देऊन राहिलो. त्यायनं तिले पाहाव, आमी त्यायले पाहाव. मंग पाहणीच झाली न थे."

त्यांच्या बाजूने पाहिलं तर त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. पोरीला चांगला ड्रेस घातला होता, सोफ्याची खोळ बदलली होती, आत्याला बोलावलं होतं, चहा मांडला होता. आणि समीक्षाही तशीच वागली होती. मान खाली, ओढणीचं टोक, मोठे बोलतील तोवर थांबायचं. अंजनगावात ती पोरगी गुणी ठरली असती. ॲडलेडमध्ये तिच्यावर शंका घेतली गेली.

दोन दिवसांनी ईमेल आला. मुलाखत ग्राह्य धरलेली नाही. विद्यार्थिनीची इच्छा असेल तर एक शेवटची संधी मिळेल. यावेळी आधी कॅमेरा फिरवून पूर्ण खोली दाखवायची. पुन्हा तसंच झालं तर ऑफर रद्द.

मी अकोल्याला गेले. सर म्हणाले, फाइल बंद कर. एका युनिव्हर्सिटीत आपली पोरगी अशी सापडली की आपल्या बाकीच्या पोरांकडेही ते डोळे वटारून पाहतात. त्यापेक्षा मुलाखत न घेणारं दुसरं कॉलेज शोध. नाहीतर उत्तरं लिहून दे आणि पाठ करून घे.

"पाठ होतीच सर," मी म्हटलं. "पाठ होती म्हणूनच अडकली."

"मग?"

"तिला अजून कोणी विचारलेलंच नाही, तुला जायचं आहे का म्हणून."

हे मी बोलून गेले आणि बोलताना मलाच पटलं. अर्ज मी भरला, ठरलं म्हणून मोठ्या बाबांनी सांगितलं, पेढे आईने वाटले. पहिल्या फोनवर समीक्षाने नुसती माहिती विचारली होती. पुढे ती सगळीकडे सोबत होती, पण तिच्या तोंडून "मला जायचं आहे" हे वाक्य मी ऐकलं नव्हतं. त्या बाईंनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तिला येत नव्हतं असं नाही. तो प्रश्न आपल्याला विचारतात हेच तिला नवीन होतं.

सर थोडा वेळ पेन वाजवत बसले. मग म्हणाले, "तुझ्या भरवशावर. बिघडलं तर मला फोन करू नको, त्या मोठ्या बाबांना कर."

मी समीक्षाला अमरावतीला बोलावलं. एकटीला. ती एसटीने आली. घरी तिने काय सांगितलं ते मी विचारलं नाही. टेबलावर मी दोन सिलॅबस ठेवले. एक अमरावतीच्या बी.कॉम.चा, एक तिकडचा. आणि म्हटलं, आज मी कौन्सेलर नाही. तू ठरव. इथे राहायचं ठरवलंस तरी मला आनंदच आहे, माझंच कॉलेज तुला मिळेल.

तिने दोन्ही वाचले. बराच वेळ. मग पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघत म्हणाली, "मॅडम, एक विचारू? रागावू नका. तिकडून आल्यावर मी सीए असते का?"

नाही, मी सांगितलं. तिकडे त्यांच्या अकाउंटंट लोकांच्या संस्था आहेत, त्यांचा रस्ता त्या डिग्रीतून जातो. पण इथे येऊन सीए म्हणून सही करायची असेल तर इथल्याच परीक्षा द्याव्या लागतील. तुला सीए व्हायचं असेल तर जाऊच नको. इथे बी.कॉम. कर आणि बाजूने सीए सुरू कर.

ती हसली. तिला हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

"मले सीए नाही व्हायचं. कॉमर्स घेतलं तवापासून जो भेटला तो हेच विचारते, सीए करून राहिली का? मी हाव म्हणत गेली. नाही म्हटलं का लोक विचारतात मंग कॉमर्स काहून घेतलं."

"मग काहून घेतलं?"

या वेळी ओढणीशी खेळणं नव्हतं. ती विचार करत होती.

"मॅडम, पिंपरी आमी वाळवतो. पोत्यात भरतो. मंग बाबाच्या फोनवर दूरच्या व्यापाऱ्याचा भाव येते. तो माल पुढं कुठं जाते, कोण घेते, त्याचं काय होते, घरात कोणालेच ठाऊक नाही. मोठ्या बाबालेही नाही. मी एकदा नेटवर पाहिलं तर दुसऱ्या देशात आपली पिंपरी कॅप्सूलमध्ये भरून विकून राहिले होते. मस्त डबी. मले पाहून असं वाटलं का आपल्या घरचं कोणी टीव्हीवर आलं." ती थांबली. "मले सही नाही करायची मॅडम. मले माल विकायचा आहे."

मी उठून उगाच पंख्याचं बटण दाबलं आणि परत बसले.

"हे त्या बाईंना का नाही सांगितलं?"

"घरचं सांगाव का त्यायले? मले वाटलं इकॉनॉमी, ग्लोबल असं काही सांगाव लागते."

मग आम्ही सिलॅबस पुन्हा उघडला आणि त्यात तिचं काय आहे ते शोधलं. इंटरनॅशनल बिझनेस मेजर होता, सप्लाय चेनचे विषय होते. सप्लाय चेन म्हणजे माल शेतातून निघून डबीत पोचेपर्यंतचा सगळा रस्ता. ती एकेक विषय वाचून "हे पाहिजे, हे नको" म्हणत होती, बाजारात भाजी निवडावी तशी. मी तिला अवघड गोष्टीही सांगितल्या. तिथे मोठ्या लेक्चरनंतर छोटा वर्ग असतो, त्याला ट्युटोरियल म्हणतात. त्यात प्रत्येकाला बोलावं लागतं. चार-पाच अनोळखी पोरांसोबत गटाने काम करायचं आणि सगळ्यांसमोर उभं राहून मांडायचं. त्याला मार्क असतात. गप्प बसलं तर ते मार्क जातात.

हे ऐकून तिचा चेहरा पडेल असं मला वाटलं होतं. ती खिडकीबाहेर बघत राहिली.

"म्हणजे तिथं पडद्यामागं कोणी नसते."

"नाही."

"कधीच नाही?"

"कधीच नाही."

"मंग मले जायचं आहे," समीक्षा म्हणाली. "इथं राहिली तर कोणी न कोणी माझ्यासाठी बोलतच राहीन. चांगल्या मनानंच बोलतीन. पण माझं तोंड उघडणार नाही."

हे तिचं उत्तर. मी लिहून दिलेलं नाही, म्हणून जसंच्या तसं इथे देते आहे.

आता प्रश्न उरला तो घराचा. मुलाखत माझ्या ऑफिसात घ्यावी तर एजंटच्या जागेत घेतली म्हणून आणखी शंका. घरीच घ्यायची तर घरात एवढी माणसं. मी मोठ्या बाबांना फोन केला आणि या वेळी हिवरखेडची पोरगी म्हणून बोलले नाही. म्हटलं, काकाजी, मी फर्मकडून बोलते आहे. त्या दिवशी घरात कोणीही असलं तर तिची ऑफर जाईल. पडद्यामागे नाही, स्वयंपाकघरात नाही, गच्चीवर नाही. घर रिकामं पाहिजे.

पलीकडून एवढंच, "मी पाहतो."

मुलाखतीच्या दिवशी सकाळी मी पोचले तर दारात पिकअप उभा. मागे मोठी आई, आई, आत्या (ती पुन्हा आली होती), शेजारच्या दोन बाया, पाण्याची कॅन, जेवणाचे डबे आणि साखळीला बांधलेला कुत्रा.

"शेजारच्या बाया कशाला?" मी विचारलं.

"त्यायचा कुकर इथपर्यंत ऐकू येते," मोठे बाबा म्हणाले. "बसा मॅडम. तुमी बी चला. घर रिकामं म्हटलं तर रिकामं."

त्यांनी मला पुन्हा मॅडम केलं होतं. मी मुकाट्याने पुढच्या सीटवर बसले. निघताना त्यांनी बैठकीतला तो पडदा काढून, घडी करून सोबत घेतला. समीक्षा दारात उभी होती. साधा कुर्ता, केस बांधलेले. कोणी तिला काही सांगितलं नाही. तिच्या आईने फक्त गाडीतून विचारलं, "चहा करून ठेवू का?" आणि सगळेच हसले, समीक्षासुद्धा.

आम्ही पिंपरीच्या मळ्यात जाऊन बसलो. वेलांना सावली लागते, म्हणून तिथे शेवरी-पांगऱ्याच्या झाडांची दाटी असते. आत शिरलं की एकदम गार. सतरंजी अंथरली, डबे उघडले, पण कोणी जेवेना. मोबाइलला रेंज नव्हती. मोठे बाबा बांधापर्यंत जायचे, फोन हवेत धरायचे आणि परत यायचे. समीक्षाचे बाबा हे फार कमी बोलणारे गृहस्थ. ते एका वेलाची पिंपरी चिमटीत धरून बसले होते. मला हळूच म्हणाले, "मॅडम, ते काय बोलून राहिली असन?"

म्हटलं, माहीत नाही. आज कोणालाच माहीत नाही.

"हाव," ते म्हणाले. "आजपर्यंत असं झालंच नाही." आणि ते काळजीत होते की खूश होते, मला ओळखता आलं नाही. बहुतेक दोन्ही.

मग स्कूटीचा आवाज आला. समीक्षा बांधाशी गाडी टाकून धावतच आत आली. तिच्या चपला मागेच राहिल्या. सगळे उभे राहिले. तिचा श्वास जमेना. मोठी आई म्हणाली पाणी दे तिले आधी. मोठ्या बाबांनी काहीतरी विचारायला तोंड उघडलं, मग स्वतःच मिटलं आणि ते सतरंजीवर बसले.

समीक्षा बोलायला लागली आणि थांबेना. आधी खोली फिरवून दाखवली. मग त्याच बाई. त्यांनी पहिलाच प्रश्न मागच्या वेळचा विचारला, तो आवाज कोणाचा होता? समीक्षाने सांगितलं, माझ्या मोठ्या काकांचा. आमच्याकडे मुलीला कोणी पाहायला आलं की ती गप्प बसते आणि घरातले मोठे बोलतात. त्या दिवशी आम्हा सगळ्यांना सवयीने तसंच वाटलं. आज ते सगळे शेतात जाऊन बसले आहेत, कुत्र्यासकट.

"कुत्र्यासकट सांगितलं?" आत्याने विचारलं.

"हाव. त्या हसल्या."

मग कॉमर्स का, हा प्रश्न आला. समीक्षा उठली, वाळायला घातलेली मूठभर पिंपरी आणली आणि कॅमेऱ्यासमोर धरली. हे माझं घर विकतं, पुढे याचं काय होतं ते मला शिकायचं आहे. त्या बाई विचारत गेल्या, ती सांगत गेली. शेवटी त्यांनी विचारलं, प्रवेश नाही मिळाला तर काय करशील? समीक्षा म्हणाली, अमरावतीला बी.कॉम. करीन, तिथलं चांगलं कॉलेज मला माहीत आहे, आणि मास्टर्सला पुन्हा तुमच्यासमोर येऊन बसेन.

हे मात्र मी तिला शिकवलं नव्हतं. शिकवलंही नसतं. आमच्या धंद्यात असं उत्तर धोक्याचं मानतात. दुसरा रस्ता आहे म्हटलं की ओढ कमी वाटेल, असं आमचं गणित. पण माझ्या कॉलेजची गोष्ट त्या खोलीत निघाली हे ऐकून मला जे वाटलं ते सांगण्यासारखं आहे, म्हणून सांगते. मी मळ्यात बसून दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

मुलाखत पास झाल्याचा ईमेल आला. मग बाकीची कागदं, मग व्हिसा. फेब्रुवारीच्या इंटेकला समीक्षा गेली. सरांनी अकोल्याच्या ऑफिसात सगळ्यांसमोर सांगितलं की कॉमर्सची केस करायची तर अशी. मी त्यांना त्यांच्या जुन्या वाक्याची आठवण करून दिली नाही. नोकरी टिकवायची असते.

मध्ये एकदा कामाने अंजनगावला गेले तेव्हा समीक्षाच्या घरी चहाला थांबले. तिचा व्हिडिओ कॉल चालू होता. तिचं ट्युटोरियल झालं होतं. गटात कोणी बोलेना म्हणून हीच उभी राहिली होती आणि पिंपरीवर बोलून आली होती. सगळं सांगून झाल्यावर मोठे बाबा फोनजवळ सरकले.

"खोलीत एकटीच आहेस न?"

"हाव, मोठे बाबा."

"फोन फिरव. चारी बाजूनं दाखव."

पोरीने निमूटपणे फोन फिरवला. टेबल, खिडकी, कपाट, दार. मोठ्या बाबांनी नीट पाहिलं आणि मग म्हणाले, "ठीक आहे. बोल आता."

आता माझ्या ऑफिसात मुलाखतीच्या तयारीची पद्धत बदलली आहे. विद्यार्थ्यासोबत मी एकदा बसते. घरच्यांसोबत दोनदा. आणि त्या दोन बैठकांत गावाचं नाव कोणी विचारलं तर मी सरळ अमरावती सांगते.